विनाकारण गावात

‘जळगावात आहे काय?’ हा प्रश्न आपल्या हॉस्टेलवर पहिल्या वर्षी विचारला जातो आणि चौथ्या वर्षी तोच प्रश्न उत्तर म्हणून दिला जातो! मधली तीन वर्षं कुठे जातात ते सबमिशन, व्हायवा आणि मेसचं कुपन यांनाच ठाऊक.

हॉस्टेलवाल्यांचं जळगाव म्हणजे मोजून पाच ठिकाणं. रेल्वे स्टेशन, एस.टी. स्टँड, रिपोर्टचं बाइंडिंग करून देणारं दुकान, महिन्याची मनीऑर्डर... सॉरी, हल्ली यूपीआय... आल्यावर शेवभाजी खायचं हॉटेल, आणि थिएटर. ही पाचही ठिकाणं रिक्षाने एकमेकांना जोडलेली. मधलं गाव म्हणजे रिक्षाच्या बाजूने मागे पळणारी काहीतरी गोष्ट. आठ सेमिस्टर इथलं पाणी प्यायचं, इथलं ४५ डिग्रीचं ऊन खायचं, इथल्या दादर ज्वारीच्या भाकरीवर वाढायचं, आणि जाताना ‘बोअर गाव आहे यार’ म्हणून ट्रेनमध्ये बसायचं. मला हे पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

माझी थोडी ओळख देते. मी ठाण्याची, शाळा पहिल्यापासून कॉन्व्हेंट. शाळेत मराठी होतं ते आठवड्याच्या चार तासिकांपुरतं, आणि घरी होतं ते आईच्या रागावण्यात. त्यामुळे मराठी विभागासाठी लिहायला बसले तेव्हा रूम-पार्टनरने विचारलं, ‘तुला जमणार का?’ ती पारोळ्याची आहे. तिने शुद्धलेखन तपासून दिलंय, तेव्हा उरलेल्या चुकांचं श्रेय दोघींना समान वाटून द्यावं!

बघणं वेगळं, भटकणं वेगळं

आपल्याला ‘बघायला’ शिकवलेलं आहे. बघायचं म्हणजे पॉइंट बघायचा, फोटो काढायचा, परत यायचं. त्या हिशोबाने जळगाव म्हणजे अजिंठ्याला जायचं स्टेशन. साठेक किलोमीटरवर लेणी आहेत, जगभरचे लोक जळगाव स्टेशनवर उतरतात आणि गावाकडे पाठ करून टॅक्सीत बसतात. गांधी तीर्थ बघून होतं. २०१२ साली जैन हिल्सवर सुरू झालेलं ते संग्रहालय खरोखर सुंदर आहे, आणि आपली फर्स्ट इयरची ‘इंडस्ट्रियल व्हिजिट’ही तिथेच संपते. झालं, जळगाव बघून झालं!

भटकणं म्हणजे यातलं काहीच नाही. भटकताना यादी नसते. एका रस्त्याने निघायचं, नाकाला काय येतं, कानाला काय येतं ते घ्यायचं, आणि पाय दुखले की परत यायचं. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये अशा माणसांसाठी एक खास शब्द होता – ‘फ्लानर’. गर्दीत रमतगमत चालणारा, काही विकत न घेणारा, पण सगळं टिपणारा. बोदलेअर या फ्रेंच कवीने त्याच्यावर लिहिलं आणि पुढे वॉल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंताने. मराठीत आपण त्याला सरळ ‘रिकामटेकडा’ म्हणतो आणि विषय संपवतो! पण थांबा, मराठीतही एक फार मोठा भटक्या होऊन गेला, आणि तो आपल्याच खान्देशात. त्याच्याकडे नंतर येते.

जळगाव, नाकाने आणि कानाने

टॉवर चौकातून सुभाष चौकाकडे एकदा संध्याकाळी पायी जाऊन बघा. घाई न करता. सराफ बाजारात काचेआड सोनं चमकत असतं. जळगावला ‘सुवर्णनगरी’ म्हणतात ते जाहिरातीसाठी नाही. लग्नाचा बस्ता आणि सोनं घ्यायला आसपासच्या जिल्ह्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं इथे येतात. दुकानाच्या पायरीवर चपला काढून बसलेली आजी, तिच्या शेजारी लाजणारी होणारी नवरी, हिशोब करणारे काका आणि कंटाळलेलं एक शेंबडं पोरगं... हे दृश्य काचेआडच्या सोन्यापेक्षा जास्त बघण्यासारखं आहे. तिथून पुढे दाणा बाजारात शिरलात की वास बदलतो. मिरची, डाळ, गोणपाट. नाकात झिणझिण्या येतात. चार पावलांत दोन वेगळी गावं!

एम.आय.डी.सी.त प्लेसमेंटच्या आशेने आपण सगळेच एकदा तरी जातो. पण तिथल्या रस्त्यांवरून नुसतं चालत गेलं तर कळतं की हे गाव काय काय करतं. डाळ मिल, पी.व्ही.सी. पाइप, ठिबकच्या नळ्या आणि प्लॅस्टिकच्या चटया. ठाण्यात आमच्या घरी पापड वाळवायला जी रंगीत चटई वापरतात, तिचं मूळ गाव मी इथे आल्यावर पाहिलं. मटेरियल्सच्या लेक्चरला जे पॉलिमर फळ्यावर साखळीसारखं काढतात, तेच इथे लाल-हिरव्या पट्ट्या होऊन मागावर विणलं जातं. 

आणि जुनं जळगाव. तिथे चौधरी वाडा आहे, बहिणाबाईंचा. बहिणाबाई चौधरी १८८० मध्ये जवळच्या आसोद्याला जन्मल्या, लग्न होऊन जळगावच्या या घरात आल्या, आयुष्यभर शेतात आणि घरात राबल्या, आणि १९५१ मध्ये गेल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचं जातं-मुसळ, चूल, शेतीची अवजारं असल्या वस्तूंसाठी मी त्या वाड्यात गेले नव्हते, गल्ली कुठे जाते ते बघत गेले होते! शाळेत त्यांची कविता होती. बाईंनी प्रत्येक ओळीखाली अर्थ लिहून दिला होता आणि आम्ही तो पाठ केला होता. इथे बाजारात भाजीवाली गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती, ‘व माय’ म्हणत होती, आणि तिच्या तोंडून तेच हेल, तेच शब्द येत होते. कोणी खाली अर्थ लिहून देत नव्हतं आणि तरी कळत होतं. पुस्तकातली कविता कुठल्या हवेत श्वास घेते ते त्या गल्लीत कळलं. आपल्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव दिलं गेलं. मार्कशीटवर ते नाव आपण सगळेच घेऊन जाणार आहोत. मग निदान एकदा त्यांच्या गल्लीतून चालायला काय हरकत आहे?

खाण्याबद्दल लिहिलं नाही तर हॉस्टेलवाले माफ करणार नाहीत. हिवाळ्यात शेताच्या बांधावर कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवून वांगी भाजतात. ती मोठी हिरवी-पांढरी वांगी, ज्यांना २०१६ मध्ये ‘जळगाव भरीत वांगी’ म्हणून जी.आय. मानांकन मिळालं. (केळीलाही त्याच वर्षी मिळालं.) मेसमध्ये ‘भरीत’ नावाने जे मिळतं त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, मेस कमिटीही हा अंक वाचते! पण कळण्याची भाकरी, भरीत, वर कांद्याची पात आणि तोंडी लावायला ठेचा, हे ज्याने शेतात बसून खाल्लं नाही त्याने ‘खान्देशात आहे काय’ हे विचारू नये. आणि मेहरूण तलावाकडे पहाटे गेलात तर हंगामात मेहरूणची बोरं घ्या.

एस.टी.तून धुळे

जळगावहून धुळे साधारण नव्वद किलोमीटर. एरंडोल, पारोळा करत बस जाते. ह्या प्रवासात सगळ्यात मजेदार काय असेल तर ती भाषा. जळगावच्या पूर्वेला, यावल-रावेरकडे लेवा गणबोली. पश्चिमेकडे सरकत गेलं की अहिराणी. बसमध्ये माणसं चढतात-उतरतात तसं बोलणं बदलत जातं. पारोळ्याच्या पुढे ‘आहे’चा ‘शे’ झालेला असतो, ‘माझा’चा ‘मना’ झालेला असतो, आणि कोणीतरी कोणाला तरी ‘जिभाऊ’ म्हणून हाक मारत असतं. खिडकीबाहेर किलोमीटरचे दगड न बघता नुसते कान उघडे ठेवले तरी कळतं की आपण कुठवर आलो!

धुळ्यात मी पहिल्यांदा उतरले ती टेक्निकल इव्हेंटसाठी. पेपर प्रेझेंटेशन सकाळीच आटोपलं आणि परतीच्या बसला पाच तास होते. ग्रुपमधले बाकीचे कॅन्टीनमध्ये बसले. मी आणि पारोळ्याची पार्टनर निघालो.

धुळ्याचा जुना भाग बघून सिव्हिलवाल्यांना आनंदाने नाचावंसं वाटेल. गल्ल्या सरळ, एकमेकींना समांतर, आणि त्यांना चक्क नंबर आहेत – गल्ली नं. १, गल्ली नं. २, असे. पत्ताही तसाच सांगतात, ‘चार नंबर गल्लीत’. जळगाव वाढत वाढत झालेलं गाव आहे, धुळे आखलेलं. चहावाल्याने आम्हाला अभिमानाने सांगितलं, ‘ताई, हे गाव विश्वेश्वरय्या साहेबांनी आखलंय.’ धुळ्यात हे अनेकजण सांगतात. पण हिशोब जुळत नाही. इंग्रजांनी १८१८ मध्ये खान्देश घेतला आणि पहिला कलेक्टर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ च्या सुमारास नवीन धुळ्याची सरळ रस्त्यांची आखणी केली. विश्वेश्वरय्यांचा जन्मच १८६० सालचा!

मग चहावाला खोटं बोलला का? मला तसं वाटत नाही. विश्वेश्वरय्या धुळ्यात खरंच होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून इंजिनिअर होऊन ते १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले आणि सुरुवातीच्याच पोस्टिंगमध्ये खान्देशात आले. पांझरा नदीच्या एका प्रवाहाखालून पाइपचा सायफन टाकायचं काम त्यांच्याकडे आलं, तेही पावसाळ्यात, पुराशी झगडत. वय तेविशीच्या आसपास, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या सीनियरपेक्षा एक-दोन वर्षांनी मोठे! १५ सप्टेंबरला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, ‘इंजिनिअर्स डे’ची भाषणं ऐकतो. पण त्यांच्या नोकरीच्या पहिल्या दिवसांची नदी आपल्यापासून दोन तासांवर वाहते, हे मला भाषणात कोणी सांगितलं नव्हतं. चहावाल्याच्या चुकीच्या माहितीने ते शोधायला लावलं.

त्याच पांझरेवर त्याहून जुनं इंजिनिअरिंग आहे – फड पद्धत. नदीवर छोटे दगडी बंधारे, त्यातून निघणारे पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दरवर्षी फेरपालट करायची. पाणी सोडायला पाटकरी, पिकं राखायला जागल्या, आणि सगळा कारभार शेतकऱ्यांच्या पंचांचा. कित्येक पिढ्यांपासून ही व्यवस्था पांझरा-मोसमच्या खोऱ्यात चालत आली. इरिगेशनच्या पेपरला ‘पार्टिसिपेटरी मॅनेजमेंट’वर आठ मार्कांचा प्रश्न येतो, त्याचं उत्तर इथे नदीकाठी बांधलेलं आहे.

केव्हिन लिंच नावाचा अमेरिकन नगररचनाकार होता. त्याने बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या लोकांना त्यांच्या शहराचे नकाशे मनाने काढायला सांगितले आणि १९६० साली ‘द इमेज ऑफ द सिटी’ हे पुस्तक लिहिलं. तो म्हणतो, माणूस शहर पाच गोष्टींनी लक्षात ठेवतो – वाटा, कडा, भाग, चौक आणि खुणा. हे वाचलं तेव्हा रटायचा मुद्दा वाटला होता. धुळ्यात चालताना पाचही समोर आले. आग्रा रोड ही वाट. पांझरा ही कड – नदी ओलांडली की देवपूर, माणसं म्हणतात ‘मी देवपूरचा’. पाचकंदील हा चौक. नदीकाठचं एकवीरा देवीचं देऊळ ही खूण. आणि लिंचच्या पुस्तकात नसलेली एक सहावी गोष्टही मला धुळ्यात सापडली, नसलेली खूण! प्रताप मिल बंद पडून जमाना झाला, पण तो सगळा परिसर लोकांच्या बोलण्यात अजून ‘मिल’च आहे. भोंगा वाजत नाही, पण पत्ता सांगताना मिल चालूच असते.

अशाच एका गल्लीत ओट्यावर बसलेल्या आजींनी आम्हाला थांबवलं. ‘कोना घर जानं शे?’ कोणाच्या घरी जायचंय? पार्टनरने अहिराणीत सांगितलं की कोणाच्याच नाही, नुसतं गाव बघतोय. आजी दोन सेकंद आमच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मंग बठा ना. पानी प्या, मंग जा.’ आम्ही बसलो. पाणी प्यायलो. त्यांनी आमचं गाव, आडनाव, ब्रांच आणि लग्न, या क्रमाने सगळी चौकशी केली! वीस मिनिटांनी उठलो तेव्हा गल्लीतल्या चार घरांना आम्ही कोण ते माहीत झालं होतं. इतकं सुरक्षित मला ठाण्याच्या मॉलमध्ये कधी वाटलेलं नाही.

आता तो मोठा भटक्या. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरची, अडगळीतली, वाळवी लागलेली कागदपत्रं त्यांनी गोळा केली आणि त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड १८९८ पासून काढले. जन्मभर फिरलेला हा माणूस ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारला. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे आणि त्यांची कागदपत्रं तिथे जपलेली आहेत. राजवाडे कुठल्याही गावाला ‘इथे आहे काय’ म्हणाले असते, तर मराठ्यांच्या इतिहासाचा केवढा तरी भाग वाळवीने खाल्ला असता. 

पण फिरायला परवानगी कोणाला?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, छान, प्रवासवर्णन झालं. पण माझा खरा मुद्दा इथून सुरू होतो.

आपल्या मुलींच्या हॉस्टेलच्या गेटवर रजिस्टर असतं. नाव, रूम नंबर, जाण्याची वेळ, येण्याची वेळ, आणि शेवटचा रकाना ‘बाहेर जाण्याचे कारण’. त्या रकान्यात झेरॉक्स असतं, मेडिकल असतं, बँक असते, नातेवाईक असतात. ‘उगाच, गावात फिरायला’ असं कोणी लिहिलेलं मी तीन वर्षांत पाहिलेलं नाही. मुलांच्या हॉस्टेलच्या रजिस्टरमध्ये हा रकानाच नाही. मुद्दाम विचारून घेतलं.

हे फक्त आपल्या कॉलेजचं नाही. जळगावात काय, धुळ्यात काय, टपरीवर बघा, चौकातल्या कट्ट्यावर बघा, पुलाच्या कठड्याला टेकलेले बघा... सगळे पुरुष. बायका रस्त्यावर नाहीत असं नाही, भरपूर आहेत. पण प्रत्येकीच्या हातात पिशवी आहे, मूल आहे, डबा आहे. त्या कुठून तरी कुठे तरी जात आहेत. थांबलेली बाई दिसत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईचा अभ्यास करून २०११ साली ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी हेच मांडलंय – बाईला सार्वजनिक जागेत असायला सतत काहीतरी कारण दाखवावं लागतं, आणि विनाकारण रेंगाळता येणं हाही तिचा हक्क आहे. मुंबईत ही स्थिती, मग आपल्याकडे काय!

एक उदाहरण देते. कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावात श्रीरामाचा रथ निघतो. लाकडी, प्रचंड. त्याला स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही. चाकाखाली योग्य क्षणी, योग्य कोनात लाकडाची मोगरी टाकून तो वळवतात आणि थांबवतात. मोगरी लावणं हे पिढ्यांनी शिकलेलं कसब आहे. एक क्षण चुकला तर रथ अंगावर. मेकॅनिकलवाल्यांनो, फ्रिक्शनचं याहून थरारक प्रॅक्टिकल तुम्हाला लॅबमध्ये मिळणार नाही! वाटेत लालशा बाबांच्या समाधीवर रामाच्या रथाकडून फुलांची चादर चढवली जाते. आणि हा रथ दुपारी निघून गल्लीबोळांतून फिरत रात्री उशिरा परततो. माझ्या वर्गातल्या मुलांनी तो शेवटपर्यंत पाहिला, दिव्यांच्या रोषणाईत. आम्ही मुली साडेसातला गेटच्या आत होतो. फटाक्यांचा आवाज मात्र गच्चीवर स्पष्ट ऐकू येत होता.

रेक्टर मॅडमची बाजू मला कळते, आणि मी ती गमतीवारी नेत नाही. काही झालं तर रात्री अकराला पालकांचा फोन मॅडमना येतो, मला नाही. काही पालकांनीच लिहून दिलंय की आमच्या मुलीला बाहेर सोडू नका. गावात छेडछाड होत नाही असंही मी म्हणणार नाही, आम्हाला ते सांगायची गरज नाही. पण प्रश्न असा आहे की रस्ता सुरक्षित कशाने होतो? जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने १९६१ मध्येच सांगून ठेवलंय की रस्ता सुरक्षित ठेवतात ते रस्त्यावर असलेले डोळे – दुकानदार, ओट्यावरच्या आज्या, येणारे-जाणारे. म्हणजे बायका जितक्या जास्त बाहेर, तितका रस्ता बायकांसाठी बरा. सगळ्यांना साडेसातला आत घेतलं की आठ वाजता बाहेर राहिलेली एखादी नर्स, एखादी दुकानात काम करणारी मुलगी एकटी पडते. आमचं कुलूप आम्हाला सांभाळतं असं धरलं, तरी तिचं काय?

कोणी चाळीसगावच्या केकी मूस यांचं उदाहरण देईल. हा मोठा छायाचित्रकार वर्षानुवर्षं आपल्या घरातून जवळजवळ बाहेर पडला नाही, आणि टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून त्याने जगाला थक्क करणारे फोटो काढले. म्हणजे बाहेर न पडताही मोठं होता येतं! येतं की. पण मूस यांनी दार स्वतः लावून घेतलं होतं, आतून. कडी बाहेरून असेल तर गोष्ट वेगळी होते.

मग करायचं काय?

नुसती तक्रार करून थांबायचं नाही, असं आमच्या प्रोजेक्ट गाईड सरांनी शिकवलंय. तेव्हा चार सूचना, स्टुडंट्स कौन्सिलसाठी आणि दोन्ही हॉस्टेलच्या रेक्टरांसाठी.

एक, रजिस्टरमधला ‘कारण’ हा रकाना काढावा आणि त्या जागी ‘कोणत्या भागात’ व ‘मोबाइल नंबर’ हे दोन रकाने दोन्ही हॉस्टेलमध्ये ठेवावेत. काळजीसाठी माणूस कुठे आहे ते कळणं पुरेसं आहे. का आहे हे कळायची गरज नाही.

दोन, गेटची वेळ मुलामुलींना एकच असावी. कोणती ते एकत्र बसून ठरवू. आणि रथासारख्या दिवशी गटाने जायची, उशिरा यायची परवानगी असावी. स्टाफपैकी कोणी बरोबर आलं तर आम्हाला आनंदच आहे, त्यांनीही रथ कित्येक वर्षांत पाहिला नसेल!

तीन, महिन्यातला एक रविवार ‘भटकंतीचा’. चार-पाच जणांचा गट, वेगवेगळ्या ब्रांचचे आणि वर्षांचे. प्रत्येक गटात एक तरी खान्देशातला आणि एक तरी बाहेरचा. खान्देशातल्याने भाषा सांभाळायची, बाहेरच्याने प्रश्न विचारायचे. माझा अनुभव असा की इथल्या मुलांनाही आपलं गाव ‘काही नसलेलं’ वाटतं, कारण त्यांना कोणी कधी विचारलेलंच नसतं.

चार, हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये एक मोठा हाताने काढलेला नकाशा लावावा. त्यात ज्याने त्याने आपली जागा टाकायची. भरीत कुठे चांगलं, जुनं पुस्तक कुठे मिळतं, संध्याकाळी वारा कुठे लागतो, कुठल्या गल्लीत दिवा नाही. दिवा नसलेल्या जागांची यादी महापालिकेच्या सतरा मजली इमारतीत नेऊन देता येईल. इंजिनिअर होणार आहोत ना आपण!

आणि भटकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मे महिन्यात दुपारी निघू नका, शहाणपणा दाखवायची ती वेळ नाही. सकाळी लवकर किंवा सहानंतर. आणि गाव म्हणजे प्राणिसंग्रहालय नाही. ओट्यावरच्या आजींचा फोटो न विचारता काढायचा नाही, बोलीला हसायचं नाही, पाणी दिलं तर प्यायचं. आपण गाव बघतो तेव्हा गावही आपल्याला बघत असतं, आणि दोघांनाही तो अधिकार आहे.

‘सीजीपीएला याचा काय उपयोग?’ असं विचारणारे असतीलच. शून्य उपयोग. पण आपल्यातले निम्मे लोक उद्या रस्ते बांधतील, पाइप टाकतील, कुठल्याशा शहराचं ट्रॅफिकचं सॉफ्टवेअर लिहितील. ज्याने कधी रस्त्यावर उगाच पाच तास काढले नाहीत, त्याने बांधलेल्या रस्त्यावर बसायला ओटा नसेल, सावलीला झाड नसेल आणि बाईला थांबायला जागा नसेल. अशी शहरं आपण ऑलरेडी बघतोच आहोत.

पुढचा अंक निघेपर्यंत माझी सातवी सेमिस्टर संपलेली असेल. कार्तिकी एकादशी त्याच सेमिस्टरमध्ये येते. दोन्ही रेक्टरांकडे अर्ज लिहून ठेवलाय, खाली सह्यांसाठी जागा सोडलीय. मुलींच्या हॉस्टेलवर रूम नं. १४ मध्ये आहे, आणि मुलांसाठी एक प्रत सिव्हिलच्या नोटीस बोर्डाशेजारी. वाचा, पटलं तर सही करा, नाही पटलं तर येऊन भांडा.

– तृतीय वर्ष, सिव्हिल